सुमन, दोर मी बांधला होता

नाव आडवी पडली होती. शीड पाण्यावर पसरलं होतं आणि वंदना दिसत नव्हती.

मी नाकातोंडातलं पाणी थुंकत होते. तू नावेच्या दुसऱ्या टोकाला होतीस. ओरडली नाहीस. शाळेत हजेरी घ्यायचीस तशा आवाजात म्हणालीस, "वहिनी, मोज. मी एक."

"दोन," मी म्हणाले.

तीन कोणी म्हटलं नाही.

माझी एकोणीस वर्षांची लेक त्या शिडाखाली होती. मी तिच्या नावानं ओरडायला लागले तर तू म्हणालीस, "गप्प राह्य. मला ऐकू दे." मग शिडाजवळ गेलीस आणि बंद दारावर मारतात तशा त्या कापडावर थापा मारल्यास. खालून एक थाप आली. तू कापडाला तोंड लावून सांगितलंस, "वंदना, हात वर कर. कापड उचल, श्वास घे. घेतला? आता हाताला शिवण लागते का पाह्य. लागली की धर, अन् धरून सरकत ये. सोडू नको. कुठं ना कुठं संपतेच ती."

शिवण संपली तिथं वंदनाचं डोकं वर आलं.

"तीन," तू म्हणालीस.

तुला जाऊन बावीस दिवस झाले. मराठी मंडळाच्या लोकांनी त्यांच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं मागितली. म्हणाले, सुमनताईंचा जन्म, शिक्षण, नोकरी, असं लिहा. म्हटलं, ते शाळेच्या कागदांत असेल, तिथं पाहून घ्या. मी चौथी शिकलेली बाई. मला जे लिहायचं आहे ते कोणत्या कागदात नाही.

बसून लिहिणं होत नाही. दोन ओळी झाल्या की उठते, अंगणात जाते, विटांवर ठेवलेल्या तुझ्या नावेला एक चक्कर मारते आणि परत येते. मघाशी दूध उतू गेलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "वहिनी, तुझं एका जागी बूड टेकत नाही म्हणून तर तुला नावेत बसवलं." आणि मी म्हटलं असतं, बसवलं त्याचं काय झालं ते माहीत आहे ना. नाही. असं मी कधीच म्हटलं नसतं. त्या विषयावर मी तीस वर्षं तोंड उघडलं नाही.

तू माझी नणंद. मी वरूडकडून लग्न होऊन या गढा मोहल्ल्यातल्या घरात आले तेव्हा तू परकरात होतीस. राज्यं वेगळी झाली, नागपूर तिकडे गेलं आणि मामंजींची कचेरी इकडे, म्हणून आपण इकडचे, हिंदी मुलखातले झालो. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, वरून वाकून पाहायची. तू कॉलेजात कॅडेटच्या मुलींत गेलीस, दहा दिवस समुद्रावर शीड ओढून आलीस, आणि आलीस ती बिघडूनच आलीस. लग्न केलं नाहीस. शाळेत खेळाच्या बाई झालीस. बरगीचं धरण भरलं तेव्हा लोक पाणी पाहायला गेले, तू वारा पाहायला गेलीस.

ती नाव आपल्या अंगणात झाली. माझ्या वड्या वाळवायच्या जागेवर दोन वर्षं प्लायवुड आणि डिंकाचा वास. मिस्त्री तुला विचारायचा, "दीदी, ये तैरेगी या इसकी बिदाई करनी है?" डोलकाठी, सुकाणू, नावेच्या बुडातून खाली पाण्यात सरकवायची फळी, सगळं तू कागदावर काढून त्याच्याकडून करवून घेतलंस. शीड मी शिवलं. मशीनवर, दुहेरी शिवण, कारण तू म्हणालीस की वाऱ्याला उसवायला आवडतं. तेव्हा मी तुला म्हटलं होतं, एवढ्या कापडात चार घरांचे पडदे झाले असते. वंदना त्याच शिवणीला धरून बाहेर आली हे लोक मला आता कौतुकानं सांगतात. मला ते कौतुक नको. पुढचं ऐकलं की तेही सांगणार नाहीत.

त्या दिवशी काठावरच आपलं भांडण झालं. डिसेंबर होता, ऊन चांगलं होतं. तुझा दादा सोबत आला होता पण नावेत बसायला तयार नव्हता. तू त्याला म्हणालीस, चांगलंच आहे, काठावर एक माणूस लागतंच. कुठल्या बाजूला जातो, किती वाजता येतो, हे त्याला माहीत पाहिजे, नाही तर बुडणाऱ्याला शोधायचं कोणी आणि कधी? त्याला एक वाजता येतो म्हणून सांगितलंस. मग माझ्या साडीवर आलीस. साडी नेसून पाण्यात पडलीस तर साडीच तुला घेऊन जाईल म्हणालीस. मी तुझ्या दादाचा पायजमा घालून सबंध गढ्यासमोरून आले होते, वरून साडी गुंडाळली होती, ती तू तिथं सोडायला लावलीस. लाइफ जॅकेट मी पाठीला टेकायला घेणार होते. तू म्हणालीस, "ते उशी नाही. अंगात घालायचं, अन् काठावरच घालायचं. पाण्यात पडल्यावर कोणाला बंद लावता येत नाहीत." वंदना हसत होती. तिला म्हणालीस, तूही घाल, पोहता येतं म्हणून शहाणपणा नको, डोक्यावर शिडाचा दांडा बसल्यावर कोणाला पोहता येत नाही.

निघाल्यावर तू शिकवत राहिलीस. तुझं तोंड बंद कधी होतं? पाण्याकडे पाहायचं म्हणालीस, आभाळाकडे नाही. जिकडे पाणी काळपट होऊन अंगावर येताना दिसतं, तिकडून वारा येतो आहे. तो पोचायच्या आत तयार राहायचं. शीड कमी करावं का असा विचार मनात आला, की तो विचार येणं म्हणजेच उशीर झाला. बुडालेल्या गावांची झाडं पाण्याखाली उभी आहेत, त्यांची टोकं दिसतात त्यापेक्षा न दिसणारी जास्त, म्हणून त्या बाजूला जायचं नाही. नाव उलटली तर नावेला धरून राहायचं, काठ जवळ दिसतो पण जवळ नसतो. उलटल्यावर सगळ्यात आधी माणसं मोजायची, चप्पल-डब्बा नंतर. एक हात नावेला, एक हात आपल्याला.

आणि माझ्या हातात शिडाचा दोर दिलास. म्हणालीस, "हा दोर फक्त धरायचा. बांधायचा नाही. बाकी सगळं बांध, पाणी उपसायचा मग बांध, बादली बांध, मला बांधलंस तरी चालेल. हा नाही. जोराचा वारा आला अन् दोर सुटला तर शीड फडफडते अन् नाव उभी राहते. दोर बांधलेला असला तर नाव आडवी होते. एवढंच लक्षात ठेव."

मी ठेवलं होतं लक्षात. विसरले असं मी म्हणणार नाही.

साडेबारा झाले. मी डब्बा काढला. पोळ्या, भरली वांगी, ठेचा. वंदना पुढं बसली होती, म्हणाली, "आई, डब्बाच इकडं सरकव ना, आम्ही घेतो." मी म्हटलं, डब्ब्यात हात घालून जेवायला तुम्ही काय रेल्वेत बसल्या का? माझ्या घरात कोणी हातानं काढून घेत नाही. वाढून घेतात. नाव हलत होती, म्हणून डब्बा डाव्या हातात घट्ट धरला. वाढायला उजवा हात पाहिजे. आणि उजव्यात तुझा दोर.

डाव्या हातानं मी जन्मात कोणाला वाढलं नाही. पाहुण्याला नाही, भिकाऱ्याला नाही, मांजरीला नाही. तू नेहमी म्हणायचीस की डावा हातही त्याच अंगाला आहे, तोच साबण लावते तू त्याला. मी म्हणायचे, तू शाळेत शिकव, मला स्वयंपाकघरात शिकवू नको.

एक क्षणभरच, असं मनात आलं. बसायच्या फळीला दोर गुंडाळला आणि बापानं शिकवलेली गाठ मारली. बैल बांधायची. जितकी ओढाल तितकी घट्ट बसते. तू सुकाणूवर मागं पाहत होतीस, त्या झाडांच्या टोकांकडे. तुझ्या हातात पोळी दिली, वर वांगं ठेवलं. तू म्हणालीस, "वहिनी, मीठ कमी आहे."

तेवढ्यात तू पाण्याकडे पाहिलंस. पोळी टाकलीस. "दोर सोड!"

मी गाठीला दोन्ही हात घातले. नख निघालं. गाठ दगडासारखी झाली होती. वारा पोचला, आणि नाव हळू आडवी होत गेली. लोक म्हणतात अशा वेळी सगळं झटक्यात होतं. झटक्यात नाही होत. मला सगळं दिसत होतं, फक्त गाठ सुटत नव्हती.

वंदना बाहेर आल्यावर तू आम्हा दोघींना नावेला धरायला लावलंस आणि गळ्यातला चाकू काढून नावेच्या आतल्या बाजूला गेलीस. फळीवरची माझी गाठ पाहिलीस. मग माझ्याकडे पाहिलंस. वांग्याचा रस अजून माझ्या बाहीवर होता. दोर कापलास, गाठ फळीवरून सोलून काढलीस आणि पाण्यात टाकलीस. मग बुडातून बाहेर आलेल्या फळीवर उभी राहून मागं झुकलीस तशी नाव उठली. अर्धी पाण्यानं भरलेली. उपसायचा मग बांधलेला होता म्हणून हाताशी राहिला, त्यानं दोन तास पाणी उपसलं. दात वाजत होते. तू शीड अर्ध्यावर आणलंस, कापलेल्या दोराचं टोक स्वतःच्या मुठीत धरलंस आणि आम्हाला हळूहळू काठावर आणलंस.

तीन वाजून गेले होते. तुझा दादा गुडघाभर पाण्यात उभा होता, बुटांसकट. त्यानं आधी वंदनाला हात लावून पाहिलं, मग विचारलं, काय झालं.

मी तोंड उघडलं. तू माझ्या आधी बोललीस. "वारा फिरला, दादा. माझं ध्यान नव्हतं."

तेव्हा मला सांगता आलं असतं. एक वाक्य. मी चूप राहिले. माझ्या मनात आलं, घरी गेल्यावर सांगू. घरी गेल्यावर वंदनाला ताप भरला. ताप उतरल्यावर सांगू म्हटलं. तो उतरायच्या आत तुझा दादा तुझ्या शाळेत जाऊन आला. मोठ्या बाईंना सांगून आला की माझ्या बहिणीनं माझी पोरगी मारलीच होती, तुमच्या पोरी तिच्यासोबत पाण्यावर पाठवू नका. आठ मुली शिकत होत्या तुझ्याकडे. त्यांच्या घरच्यांनी एकामागोमाग एक नाही म्हटलं. नाव बैलगाडीवर घालून घरी आणली गेली, विटांवर ठेवली, आणि परत पाण्यात गेली नाही.

तू भांडली नाहीस हे मला अजून कळत नाही. तू भांडकुदळ होतीस. भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या चार काड्यांवरून भांडायचीस. माझ्याशी मिठावरून भांडायचीस. तुझ्या गळ्याशी आलेली गोष्ट, आणि तू चूप. मी तुझ्या जागी असते तर त्याच दिवशी काठावर सांगितलं असतं, हिनं बांधला, हिला विचारा. खरंच सांगितलं असतं. मग तू काहून नाही सांगितलं?

पंधरा दिवसांनी त्या आठांतल्या तीन मुली अंगणात आल्या. पाण्यावर नाही म्हटलं होतं घरच्यांनी, अंगणाचं कोणी बोललं नव्हतं. तू त्यांना विटांवरच्या नावेत बसवलंस. शीड चढवलंस. स्वतः बाहेर उभी राहून दांड्याला हातानं धक्का द्यायचीस, "वारा आला, काय करशील?" आणि मुली दोर सोडायच्या. शेजारच्या बायका कुंपणावरून पाहून हसायच्या, बाई वेडी झाली, जमिनीवर नाव चालवून राहिली. वीस-बावीस वर्षं तशीच चालवलीस. किती मुली त्या कोरड्या नावेतून उतरल्या, देव जाणे. मी त्यांना चहा द्यायचे. दोर हातातच धरा, बांधायचा नाही, हे प्रत्येक मुलीला सगळ्यात आधी सांगायचीस, आणि मी चहाचा ट्रे घेऊन उभी असले तर माझ्याकडे न पाहता सांगायचीस. मी ट्रे ठेवून आत जायचे. भांडी घासलेली असली तरी परत घासायचे.

तुझा दादा गेला तेव्हा मला वाटलं, आता कोणाची भीती. सांगू. तोपर्यंत तुझे गुडघे गेले होते, नावेत उतरता येत नव्हतं. मग म्हटलं, आता सांगून काय उपयोग. माणसाला सांगायचं नसलं की कारण मिळतंच. मला दर वर्षी नवीन मिळालं.

शेवटच्या आठवड्यात तुला चमच्यानं भरवत होते, भाताची पेज. माझा उजवा खांदा दुखतो, तुला माहीत आहे. मध्येच थांबावं लागायचं. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "डाव्या हातानं भरव ना वहिनी. आता काही उलटत नाही."

तीस वर्षांत त्यावर तेवढंच बोललीस.

मला तेव्हा बोलायला पाहिजे होतं. मी म्हणाले, "गप्प राह्य, ठसका लागेल." आणि उजव्याच हातानं भरवलं. त्यानंतर चौथ्या दिवशी तू गेलीस. ते भांडण काही मिटलं नाही. आता तुला सांगते, मिटलं असतं तरी डाव्या हातानं नसतं भरवलं. पण दुसरं सांगायला पाहिजे होतं.

तेरवी झाल्यावर माधुरी आली. ती पहिल्या आठांतली, आता बँकेत मोठ्या खुर्चीवर आहे, पोरं कॉलेजात आहेत तिची. बरगीला आता हौशी लोक आपापल्या लहान नावा घेऊन येतात म्हणे, जॅकेट गाडीत ठेवून पाण्यात उतरतात. त्यांच्यासाठी तुझी सूचनांची वही छापून वाटायची असं तिच्या मनात आहे. तू वही लिहीत होतीस हे मला माहीत होतं, पाहिली कधी नव्हती. माधुरी ती घेऊन ओसरीवर बसली, पानं उलटली, परत मागं गेली. म्हणाली, "काकू, यात एक गोष्ट नाहीच आहे. बाई सगळ्यात आधी सांगायच्या ती."

तिला म्हटलं, वही दोन दिवस राहू दे.

मला वाचायला वेळ लागतो. दोन दुपारी लागल्या. बोट ठेवून वाचलं. काठावरच्या माणसाला सांगून जाणं आहे. जॅकेट आहे. काळं पाणी आहे, झाडांची टोकं आहेत. शिडाखाली सापडलात तर शिवण धरून या, हे आहे. माणसं मोजणं आहे. सहा आहे, आठ आहे. मध्ये सात हा आकडा लिहिला आहे, त्यापुढे टिंब दिलं आहे, आणि पुढं दोन ओळींची जागा कोरी.

तुझं अक्षर पाहता ती वही पाच-सहा वर्षं चालली असेल. विसरली असशील असं मला वाटत नाही. माझ्यासाठी जागा ठेवलीस, की माझ्या नावाची गोष्ट तुझ्या हातानं लिहायची नव्हती, की रोज उद्यावर टाकलंस माझ्यासारखं? विचारायला आता तू नाहीस, आणि होतीस तेव्हा मी विचारलं नाही. पण ही वही माणसं पाण्यावर घेऊन जाणार आहेत. नेमकी तीच ओळ नसेल तर कोणीतरी जेवायला डब्बा उघडेल आणि माझ्यासारखंच करेल. त्याच्या शिडाला माझी शिवण नसेल, आणि नावेत तू नसशील.

म्हणून काल पेन घेतलं आणि सातपुढे लिहिलं: शिडाचा दोर हातात धरावा. कशासाठीही बांधू नये, जेवण वाढण्यासाठीसुद्धा नाही. आणि खाली लिहिलं: हा दोर एकदा मी बांधला होता, सुमनताईंनी नाही. माझं नाव पूर्ण लिहिलं. अक्षर वाकडं आहे, माधुरी म्हणाली तसंच छापू.

मग रायपूरला वंदनाला फोन लावला. तिलाही हे कधी सांगितलं नव्हतं. ती पुढं बसली होती, तिला गाठ दिसली नव्हती. तिनं आतापर्यंत, आत्याचं ध्यान नव्हतं, असंच धरून ठेवलं होतं, आणि आत्यावर प्रेम करायची ते तसं धरूनच. मी सरळ सांगितलं. मागं तिच्याकडे कुकरची शिटी झाली.

मग म्हणाली, "आत्यानं कधीच काही म्हटलं नाही?"

"नाही."

"अन् तू?"

"मीही नाही."

"बाबा गेले तोवर आत्याला बोल लावत होते, आई. माझ्यासमोर."

"माहीत आहे."

तिनं फोन ठेवला. आज सकाळी परत केला नाही. करेल तेव्हा करेल, नाही केला तर मी करीन. तिला माझ्यावर रागवायला तीस वर्षं उशीर झाला आहे, थोडा वेळ तिला मिळायला पाहिजे.

मी परत उठून अंगणात जाऊन आले. नावेत पालापाचोळा साचला आहे. फळीवर, गाठ होती तिथं, दोरानं लाकडात खाच पाडलेली अजून दिसते. माधुरी रविवारी ट्रॅक्टरवाला घेऊन येते आहे, नाव बरगीला न्यायची म्हणते. नवीन दोर मी आणून ठेवला आहे. मी नावेत बसणार नाही. काठावर उभी राहीन, किती वाजता येणार ते विचारून घेईन.

मंडळाच्या माणसानं आज परत विचारलं, अपघाताचं लिहिलं का, कोण गेलं होतं त्यात. कोणी गेलं नव्हतं. त्या दिवशी नावेत आपण तिघी होतो, तू, मी आणि वंदना. तिघीही जिवंत काठावर आलो.